बोगोटातली करंगळी

त्या दिवशी तिथे कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी उगाच मध्ये शिरायला नको. एक मी. एक माझी नात, इथेच अमेरिकेत जन्मलेली, ॲन आर्बरला शिकून मोकळी झाली आणि स्वतःएवढी पिशवी पाठीला लावून दक्षिण अमेरिका पालथी घालायला निघाली. एक माझे जावई, म्हणजे तिचा बाप, मूळचे नागपूरचे, आता फ्रीमाँटचे, कंप्युटरवाले. एक पिवळ्या छत्रीची गाईडबाई. तिच्या मागे पिशव्या लावलेली दहाबारा गोरी पोरंपोरी, ती धरायची नाहीत. आणि एक मुतारीबाहेर खुर्ची टाकून बसलेली बाई. सगळ्यांत मोठी तीच.

लेक नव्हती. ती आत्ता शेजारी बसून हे टाइप करतेय, कारण मी चौथी शिकलेली, मला बोलता येतं पण लिहिताना हात अडतो. ती म्हणते, "आई, मुतारी नको ना. वॉशरूम लिहू." मी म्हटलं, तू होतीस का तिथे? मी होते. मुतारी लिही.

तर झालं असं की नातीला फिरायला लागून महिने झाले, आणि बापाचा जीव राहीना. पोरगी खाते काय, झोपते कुठे. बोगोटाला ती चार दिवस टेकणार होती, तेव्हा जावई म्हणाले, मी जाऊन बघून येतो. लेकीला ऑफिसातून सुट्टी नाही. आणि मला घरात एकटी ठेवत नाहीत, कारण एकदा मी दूध तापत ठेवून देवपूजेला बसले आणि छताला लावलेला भोंगा बोंबलला, तर बंब आला. चार दांडगे बाप्ये बूट घालून स्वयंपाकघरात. मी त्यांना चहा विचारला, तेही लेकीला आवडलं नाही. म्हणून मग माझंही तिकीट काढलं. सामानातला एक नग वाढला, एवढंच.

आता मुद्द्याचं. मला बीपी आहे. त्यावर इथल्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी दिली आहे, ती घेतली की अंगातलं पाणी बाहेर पडतं. पडतं म्हणजे धरण फुटल्यासारखं. ज्या दिवशी बाहेर जायचं असेल त्या दिवशी मी ती गोळी गालात ठेवते आणि मागच्या दारी तुळशीत थुंकते. तुळस चांगली वाढली आहे. (हे लेकीला आत्ता कळलं. टाइप करायची थांबली. कर गं पुढे.) पण बोगोटात त्या सकाळी हिने व्हिडिओ कॉल लावला, आणि जावई माझ्यासमोर फोन धरून उभे. फोनमधून लेक म्हणते, "आई, गोळी घेतली? आ कर. जीभ वर कर." जावयादेखत मी जीभ वर केली. गोळी गेली पोटात. आणि बाहेर पिवळी छत्री उभीच होती, सबंध गाव पायी दाखवायला.

एवढ्याने भागलं नाही. बोगोटा आहे उंचावर. तिथे हवा पातळ, म्हणून नातीने सकाळपासून एकच धोशा लावला, "आजी, पाणी पी. अल्टिट्यूड आहे. हायड्रेट कर." तिच्या पिशवीतून एक नळी निघते, ती तोंडात धरायची आणि ओढायची. वासरासारखी मी ओढत होते. नातीचा शब्द मोडवत नाही.

पहिल्या देवळातच मला कळलं की आज काही खरं नाही. देऊळ म्हणजे चर्च. आत सगळं सोन्याचं, भिंतभर. गाईडबाई सांगत होती की स्पेनच्या लोकांनी येऊन सोनं नेलं, माणसं मारली आणि मग ही देवळं बांधली. बरंच मारलं असावं, कारण सांगून संपेना. समोर देवीची मूर्ती, निळी साडी, कडेवर पोर. मी हात जोडले. लोक देवाकडे आरोग्य मागतात, नातवाला नोकरी मागतात. मी म्हटलं, बाई गं, तूही बाईच आहेस, मला लवकर कुठे तरी बसव.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना. कुणाला सांगायचं? नात पुढे गाईडबाईला चिकटलेली, आणि माझा हात धरून चालत होते जावई. जावयासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही. जांभई आली तर पदर लावते. मला अहोजाहो करणारा, माझ्या पाया पडणारा माणूस, त्याला मी भर रस्त्यात काय सांगू, की बापू, मला लागली आहे? मरण आलं तरी बेहत्तर. तेही तसेच. माझ्यासमोर बनियनवर येत नाहीत. शिंक आली तर गॅरेजमध्ये जाऊन शिंकतात. इतकी वर्षं एका छताखाली राहून आम्ही एकमेकांशी हवापाण्याचंच बोललो.

आणि त्यात ती पॅन्ट! लेकीने बळेच घालायला लावली, "तिकडे थंडी असते, साडी नको" म्हणून. आत गरम चड्डी, वर पॅन्ट, तिला बटण, आत आणखी एक आकडा, मग चेन. साडी असती तर बाईमाणसाला एक कोपरा पुरतो. त्या पॅन्टीतून बाहेर पडायला दोन हात आणि एक मदतनीस लागतो.

गल्ल्या चढाच्या. दगड बसवलेले, वर घरं निळी-पिवळी-लाल. छान होतं असं म्हणतात. मी दगड बघत होते. चढावर एक बरं, दात खाऊन चालता येतं. उतारावर प्रत्येक पावलाला हिशोब चुकतो.

"आई, कॉफी घ्यायची काय?" जावई म्हणाले. कोपऱ्यावर दुकान होतं.

"नको नको," मी म्हटलं. कॉफी! आगीत तेल.

थोडं पुढे गेलो. "आई, इथली कॉफी जगात प्रसिद्ध आहे बरं. पाच मिनिटं बसू."

"तुम्ही घ्या बापू. मी उभी राहते."

"छे, एकटा कसा घेऊ."

आणखी थोडं पुढे परत तेच. मला वाटलं, या माणसाला आज काय कॉफीचं वेड लागलंय. घरी तर चहाशिवाय काही पीत नाही. मी जरा थांबू म्हटलं की हे म्हणायचे, दमलात काय, गाडी बोलावू? गाडीत बसणं तर त्याहून वाईट. मी म्हणायची, नाही हो, चालू. आणि चालायचो. आता आठवलं की वाटतं, दोघांनाही धरून बडवायला हवं होतं.

मला धरून ठेवायची सवय नव्हती असं नाही. माझं सगळं आयुष्य धरून ठेवण्यात गेलं. मी कासारीण. मालक गेले तेव्हा लेक पहिलीत होती. मग मी बांगड्यांची पेटी घेऊन बाजार करायला लागले, रोज एका गावचा आठवडी बाजार. सकाळच्या टेम्पोने जायचं, दिवे लागायला परत. बाजारात बायकांना जायची सोय नाही, आजही किती ठिकाणी नाही. त्यामुळे पाणी प्यायचंच नाही. सकाळी घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायचा. उन्हाळ्यात ओठ फाटायचे, आणि गिऱ्हाइकीण म्हणायची, "कासारीणबाई, घ्या पाणी, गार आहे." मी म्हणायची, आत्ताच प्यायले. दोनदा उन्हाळी लागली, लघवीला आग आग व्हायची, तरी रडत नव्हते, बांगड्या भरताना दुसरीचा हात आपल्या हातात असतो, आपण रडलो तर तिच्या हातात काच फुटते.

अगदीच निभलं नाही तर आम्ही तिघी जायचो. मी, मिरचीवाली आणि गाडगीमडकीवाली. एका आडतवाल्याच्या वखारीमागे मोकळी भिंत होती. एक बसायची, दोघी पाठ करून उभ्या राहायच्या आणि पदर पसरायच्या. त्याला आडोसा म्हणतात. आडोशाचा नियम असा की मागे वळून बघायचं नाही, हसायचं नाही, आणि जिचं झालं तिने दुसरीसाठी उभं राहायचं. मिरचीवालीशी माझं पुढे भांडण झालं, बोलणं बंद झालं, तरी बाजाराच्या दिवशी आडोसा बंद झाला नाही.

मग त्या आडतवाल्याला घाण वाटली. त्याने काय करावं? बाजार उठल्यावर माझ्या जागेवरच्या फुटक्या बांगड्या झाडून गोळा केल्या आणि भिंतीमागे पसरून टाकल्या. मी अनवाणी गेले. टाचेत अजून वण आहे. माझ्याच काचा, हिरव्या. एवढं झालं तरी पुढच्या बाजाराला चपला घालून गेलो. काय करणार, पोट बांधता येतं, ते नाही बांधता येत.

ते सगळं तरुणपणी. आता शरीर ऐकत नाही, आणि वर गोळी.

शेवटी नातीनेच एका हॉटेलात घातलं. म्हणे इथलं चॉकलेट प्यायलाच पाहिजे. कपभर गरम चॉकलेट, आणि हे लोक त्यात चीजचे तुकडे टाकतात. चीज! मग चमच्याने तारा काढत खातात. देवाने जीभ दिली आहे, कुणी काय करावं. मी कपाला नुसते ओठ लावले आणि डोळे भिरभिर फिरवले. कोपऱ्यात दार दिसलं, वर बाईचं आणि बाप्याचं चित्र. माझ्या जिवात जीव आला. आता जावई जरा बाजूला झाले की उठायचं. आणि खरंच ते उठले. मला वाटलं, बिल द्यायला गेले. ते त्या दारापाशी गेले, उभे राहिले, परत आले. तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं?" नातीने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "उगीच बघत होतो."

मग मी नीट बघितलं. दाराच्या कडीला दोरी बांधलेली, वर कागद चिकटवलेला, खालून पाणी वाहत होतं. बंद. मी चॉकलेटकडे बघितलं, चॉकलेटने माझ्याकडे.

बाहेर आलो तर पाऊस. मोठा नाही, चाळणीतून पडावा तसा. नातीने मला तिचा प्लॅस्टिकचा अंगरखा दिला, घोंगडीसारखा, भला मोठा. पन्हाळी गळत होत्या, गटारं खळखळत होती. सगळं गाव मला चिडवत होतं.

त्यातून आलो मोठ्या चौकात. कबुतरंच कबुतरं. एका बाजूला चर्च, एका बाजूला सरकारी इमारती, आणि मध्ये एक माणूस लामा घेऊन उभा, म्हणजे उंट आणि मेंढी यांच्या मधलं जनावर, गळ्यात गोंडे. नात ओरडली, "आजी, फोटो! लामाच्या बाजूला उभी राहा!"

मी लामाच्या बाजूला उभी राहिले. आणि त्या जनावराने, सगळ्या चौकादेखत, मागचे पाय फाकले आणि सोडलं. सावकाश. बराच वेळ. दगडांवर आवाज येत होता. नात हसत होती, गोरी पोरं हसत होती, लामाचा मालकही हसत होता. त्याला कुणी काही म्हटलं नाही.

तिथे माझं संपलं. मला कळलं की आता पुढचं पाऊल टाकलं तर लामा आणि मी सारखेच. आयुष्यभर राखलेली अब्रू परमुलखात, जावयासमोर, त्या महागाच्या पॅन्टीत जाणार. तोंड उघडून बोलायची हिंमत होईना. मग हात आपोआप वर गेला. चौथीपर्यंतच शाळा झाली, पण तिथे एक गोष्ट पक्की शिकवली होती. मी जावयाकडे बघितलं आणि करंगळी वर केली.

ते बघत राहिले. कंप्युटरवाला माणूस, हाताखाली पंचवीस पोरं, इंग्रजीत मीटिंगा घेणारा. त्यांनी खिशातला हात काढला, हळूच छातीपाशी आणला, आणि त्यांचीही करंगळी वर.

मग मला सगळ्या कॉफ्या आठवल्या. त्यांना शुगर आहे. त्यांच्या डब्यातल्या गोळ्या मी रोज बघते, पण शुगरवाल्याला काय होतं हे डोक्यात आलं नाही. दुकानादुकानाशी थांबत होते ते कॉफीसाठी नाही. आणि मी नको नको म्हणत त्यांना फरफटत नेत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चर्चपासून," ते म्हणाले. "आई, तुम्ही?"

"चर्चपासूनच."

मला हसू फुटलं. त्यांनाही. "हसवू नका बापू," मी म्हटलं, "हसवलंत तर गेलं."

"आई, तुम्हीही नका हसू. माझंही तसंच आहे."

नात आली. "काय चाललंय? तुम्ही दोघं बोटं काय दाखवताय?" बापाने सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "ओ माय गॉड, डॅड! यू टू आर इम्पॉसिबल! टोंड नाही का तुम्हाला?" आणि तिथूनच गाईडबाईला स्पॅनिशमध्ये अशी हाक मारली की कबुतरं उडाली. तेवढ्यात सगळ्या चौकाला कळलं. म्हटलं कळू दे, लामाचं कळलं तसं माझंही.

गाईडबाईने छत्रीने दाखवलं. चौकाच्या कडेने गल्ली, गल्लीत खाली उतरणाऱ्या पायऱ्या. नात पुढे पळाली, मुतारीवरच्या बाईला नाणी द्यायची म्हणून दुकानात मोड करायला घुसली. आम्ही दोघं पायऱ्या उतरलो, बाजूबाजूने, खेकड्यासारखे.

खाली ती बाई. खुर्ची, टेबल, टेबलावर कागदाच्या घड्या घालून ठेवलेल्या, माणशी एक. आणि बायकांच्या दाराशी रांग, शाळेची सहल आलेली, निळे स्कर्ट, भिंतीला लागून वळसा घालून रांग. मी ती रांग बघितली आणि भिंत धरली.

बाप्यांकडे कुणी नव्हतं.

जावयाने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. दोन पावलांवर त्यांची सुटका होती. जाऊन आले असते तर मी काही म्हटलं नसतं. ते त्या बाईला म्हणाले, "माय मदर." मदर-इन-लॉ नाही म्हणाले. "माय मदर. प्लीज." बाई काहीतरी बोलली, पैशाची खूण केली. जावई म्हणाले, "कार्ड चालेल?" अशा वेळी! बाईने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं, एकमेकांत गुंतवलेल्या. तिने घड्या उचलल्या, एक नाही, चार-पाच, माझ्या हातात कोंबल्या आणि बाप्यांच्या दाराकडे मान हलवली. जा.

आत एकच खोली, आणि तिच्या दाराला कडी नाही, दार सरळ उघडंच राहतं. मी जावयाकडे बघितलं. त्यांनी माझ्या अंगावरचा तो प्लॅस्टिकचा अंगरखा काढून घेतला, दारात पाठ करून उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी तो पसरून धरला. खांद्याएवढा उंच. एक बाप्या आत आला. "नो," जावई म्हणाले. "सीनियर लेडी. गो." तो गेला. दुसरा आला. त्यालाही घालवलं. आणि स्वतः एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. पण वळून बघितलं नाही. आणि हसलेही नाहीत. त्यांना नियम कुणी सांगितला होता?

आत मी त्या बटणाशी झगडत होते. आधी बटण, मग आकडा, मग चेन. वेळेत झालं का, ते मी सांगणार नाही. पॅन्ट धुऊन टाकली आहे.

बसल्यावर मला ती वखारीमागची भिंत दिसली. मिरचीवालीची पाठ, मडकीवालीची पाठ. आणि आता ही तिसरी पाठ, शर्टाची, घामाने भिजलेली.

बाहेर आले. अंगरखा त्यांच्या हातातून घेतला. म्हटलं, "व्हा पुढे बापू. मी उभी आहे."

"आई, मला नाही लागत कुणी."

"दाराला कडी नाही. जा."

ते गेले. मी दारात पाठ करून उभी राहिले, अंगरखा पसरून. एक गोरा मुलगा आला, आमच्याच घोळक्यातला. मी म्हटलं, "नो. सीनियर जावई." तो तिथेच थांबला. त्या बाईला हे सगळं दिसत होतं, ती खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की तिच्या घड्या खाली पडल्या. मी उचलून दिल्या. नात नाणी घेऊन आली तेव्हा बाई घेईना. मग नातीने टेबलावरच ठेवली. त्या बाईचं नाव कळलं नाही, तिला माझं नाही. तिने विचारलं नाही आणि दार उघडलं, एवढी ओळख पुरे.

त्यानंतर आम्ही कॉफी प्यायलो. दोन दोन कप. जावयाने त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली, एसटीत त्यांची कशी फजिती झाली होती ती. मी बाजाराची सांगितली. काचांची पण. ते ऐकून ते नातीला म्हणाले, "तुझ्या आजीच्या टाचेला वण का आहे, तुला माहीत आहे का?" नातीला माहीत नव्हतं. तिने भर दुकानात माझा बूट काढून बघितला. कुणी काय म्हणेल याची त्या मुलीला काही पडलेली नाही. चांगलं आहे.

आता फ्रीमाँटला कुठे निघायचं असलं की गाडी काढायच्या आधी जावई गॅरेजच्या दारात उभे राहतात आणि काही न बोलता करंगळी वर करतात. मी जाऊन येते, मग ते जाऊन येतात. लेक म्हणते, लाज सोडली दोघांनी. ती म्हणू दे. ती अजून पाहुण्यांकडे गेलो की घरी येईपर्यंत धरून बसते, मला दिसतं. (टाइप कर, टाइप कर.)

वाचणाऱ्यांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी कुणी बाई लांबून आली, की तुम्ही दारात पाणी विचारता, मग चहा, मग अजून चहा. ते करा. पण त्याच्या आधी तिला सांगा की आमची मोरी तिकडे आहे, कडी नीट लागते, तुम्ही जाऊन या. तिने विचारायची वाट बघू नका. ती विचारणार नाही.